सहा माणसं, एक वॉकर आणि द्राक्षाचे क्रेट: नाशिकमध्ये ७ सीटर घेताना

आधीच सांगून टाकते, आम्ही शेवटी मारुतीची अर्टिगा घेतली. पेट्रोल, ऑटोमॅटिक. सीएनजी नाही, कॅप्टन सीट (मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या) नाही, सनरूफ नाही, आणि त्यामुळे सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं ठाम मत झालंय की आम्हाला गाड्यांमधलं काही कळत नाही. असू दे. ही गाडी सगळ्यात भारी आहे असं मी म्हणतच नाहीये, आमच्या घराला ती का बसली आणि बाकीच्या का नाही बसल्या तेवढं लिहिते, तुमचं घर वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येईल.

घर म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. थोरला आठवीत, उंचीने बापाच्या खांद्याला लागलाय, धाकटी तिसरीत आणि तिला गाडी लागते. आईंच्या (सासूबाई) गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्याबरोबर घडीचा वॉकर असतोच. अप्पा सहा फुटी. शेत निफाडकडे, म्हणजे जाताना बॅगा आणि येताना काहीही, द्राक्षाचा क्रेट, अर्धी गोणी कांदे, शेजारच्या काकूंनी दिलेली भाजी. गाडी रोज मी चालवते, शाळा, आईंची फिजिओथेरपी, गंगापूर रोड ते इंदिरानगर, मधे द्वारका सर्कल जिथे क्लच दाबून दाबून माझाच गुडघा जायची वेळ आली होती, म्हणून ऑटोमॅटिक ही माझी एकमेव हट्टाची अट होती. तरी शोरूममध्ये सगळी माहिती नवऱ्यालाच सांगत होते. गाडी मी चालवणार म्हटल्यावर सेल्समन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅडम यात कलर खूप छान आहेत.

तर मुद्दा. ७ सीटर बघायला गेलं की सगळे विचारतात किती जण बसतात. अहो, बसतात सगळेच, वडाप जीपमध्ये तर चौदा बसतात. विचारायचं हे, की सगळे बसल्यावर सामान कुठे जाणार. तिन्ही रांगा उभ्या असताना मागे डिकी किती उरते तो आकडा ब्रोशरमध्ये कोपऱ्यात असतो किंवा नसतोच, कारण तो आकडा कुणालाच शोभणारा नाही. रेनॉची ट्रायबर ८४ लिटर, म्हणजे दोन-तीन शाळेची दप्तरं. अर्टिगा २०९. कियाची कॅरेन्स २१६. इनोव्हा हायक्रॉस ३००, आणि तिची किंमत अर्टिगाच्या जवळपास दुप्पट. तिसरी रांग पाडली की अर्टिगात ५५० लिटर होतात, फोटोत दाखवतात ते हे. पण मग गाडी पाच सीटरच झाली ना.

आम्ही सहा. इथे मला जे गणित सुटलं ते कुठल्याच सेल्समनने सांगितलं नाही, उलट सगळे कॅप्टन सीट घ्या कॅप्टन सीट घ्या करत मागे लागले होते. कॅप्टन सीटवाली गाडी म्हणजे दोन-दोन-दोन. मारुतीचीच एक्सएल ६ तशी आहे, कॅरेन्सच्या काही मॉडेलमध्येही सहा सीटरचा पर्याय मिळतो. दिसायला मस्त, हात ठेवायला आर्मरेस्ट, मधून पोरं मागे जाऊ शकतात. पण घरात सहा माणसं असली की तिसऱ्या रांगेतल्या दोन्ही सीट भरल्या, म्हणजे सामानाला ते २०० लिटरचं फडताळ उरलं, बस. मधे तीन जणांची सलग सीट असली तर दोन-तीन-एक बसता येतं. तिसरी रांग अर्धी-अर्धी पडते, त्यातली अर्धी पाडायची, तिथे बॅगा आणि वॉकर, उरलेल्या अर्ध्यावर थोरला. सहाच्या सहा माणसं आणि वर सामान, टपावर काही बांधायची भानगड नाही. चार माणसांच्या घराला कॅप्टन सीट ऐश आहे, सहा माणसांच्या घराला ती अडचण आहे असं माझं स्पष्ट मत.

हे मी कागदावर नाही केलं. आईंचा वॉकर, एक मोठी बॅग आणि एक रिकामा प्लास्टिकचा क्रेट घेऊन शोरूमला गेलो, सगळ्यांना बसवलं, सामान भरलं आणि मग दार लावून दाखवा म्हटलं. शोरूमवाले बघत राहिले, बघू देत. एका ठिकाणी तर डिस्प्लेच्या गाडीत क्रेट ठेवायचा नाही म्हणाले, खाली पेपर टाकते म्हटलं तरी नाही, तिथून तशाच परत आलो.

बसवून बघितल्यावर ज्या गोष्टी कळल्या त्या घरबसल्या व्हिडिओ बघून कळत नाहीत. अर्टिगात तिसऱ्या रांगेत जायला डावीकडची मधली सीट पुढे सरकवून वाट करायची असते. म्हणजे मागचा माणूस उतरणार तर डावीकडे बसलेल्याने आधी उतरायचं. मग तिथे अप्पांना बसवून चालणार नाही, दर चहाच्या टपरीवर त्यांना उठबस. डावीकडे नवरा, मधे धाकटी, उजवीकडे अप्पा. आणि मागची कुठली अर्धी सीट पाडायची? उजवी. डावी पाडून तिथे सामान रचलं की मागच्याची वाटच बुजते. हे ऐकायला फालतू वाटतं पण पहिल्याच लांबच्या प्रवासात यावरून भांडणं होतात. ज्यांच्याकडे लहान बाळ आहे त्यांनी चाइल्ड सीटही उजवीकडेच, ड्रायव्हरच्या मागे लावायची, डावीकडे लावली तर तिसरी रांग कायमची बंद. कॅरेन्समध्ये मधली सीट बटण दाबलं की स्वतःच गुंडाळी होऊन पुढे उलटते (वरच्या मॉडेलला), ते खरंच सुंदर काम आहे, मागे जाणाऱ्यांमध्ये वयस्कर कुणी असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा ती घ्या.

आई पुढे, माझ्या शेजारी. गुडघेवाल्या माणसाला पुढची सीटच बरी, दार मोठं उघडतं, सीट पूर्ण मागे घेऊन आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. उंच एसयूव्हीत हेच जमत नाही. एक एसयूव्ही बघितली होती, तिचं नाव नको, आई पायरीवर एक पाय ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या. विषय संपला. अर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर या तिन्हींमध्ये चढावं लागत नाही, बसावं लागतं, आणि माझ्या मते एमपीव्ही (अशी बुटकी, लांबट घरगुती गाडी) घ्यायचं अर्धं कारण हेच आहे.

तिसऱ्या रांगेबद्दल खरं सांगायचं तर अर्टिगाची तिसरी रांग पोरांसाठी उत्तम आणि मोठ्यांसाठी त्र्यंबकपर्यंत ठीक, तीसेक किलोमीटर. सीट खाली आहे, मांड्यांना आधार कमी, अप्पांना बसवलं तर गुडघे वर आले, पण डोकं टेकलं नाही. मधली रांग पुढेमागे सरकते म्हणून मधल्यांनी थोडं मन मोठं केलं की मागच्याचे पाय सुटतात. शिर्डीपर्यंत एखादा पाहुणा तक्रार न करता जाईल. पुण्यापर्यंत, चंदनापुरी घाट आणि नारायणगावचा जेवणाचा थांबा धरून, मी कुणा मोठ्याला तिथे बसवणार नाही.

आणि गाडी लागणारं पोर मागे बसवू नका, कुठल्याच गाडीत. मागची रांग बरोबर चाकांवर येते, हेलकावे सगळ्यात जास्त तिथे, वर खिडकी छोटी, पुढचा रस्ता दिसत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना तर नकोच नको. धाकटीला मधे बसवतो, समोरच्या काचेतून रस्ता दिसतो, तोंडात आवळा सुपारी नाहीतर आलेपाक, आणि मोबाईल बंद. थोरला मागे कानात हेडफोन घालून, त्याला जगाचं काही नाही.

आता सीएनजी. आमचे गॅरेजवाले दादा अगदी जीव तोडून सांगत होते, ताई सीएनजीच घ्या, तुम्हाला रोजचं रनिंग आहे. आकडे त्यांच्या बाजूने आहेत हे खरंच, कंपनीचा दावा सीएनजीला किलोला २६.११ किलोमीटर, पेट्रोल मॅन्युअलला लिटरला २०.५१, ऑटोमॅटिकला २०.३०. शहरात यातलं काहीच मिळत नाही पण प्रमाण साधारण तेच राहतं. महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी. पण टाकी कुठे बसते? डिकीत. म्हणजे ज्या २०९ लिटरसाठी आम्ही एवढा आटापिटा केला तेच गेले. आणि सीएनजीत ऑटोमॅटिक येत नाही, शिवाय सीएनजीवर चालताना ताकद १०३ पीएसवरून ८८ वर येते, टॉर्क (गाडी ओढणारा जोर) पण कमी होतो. सहा माणसं, एसी चालू, कसारा घाट, नको. वर पंपावरची लाइन. आमच्या बाजूच्या एका पंपावर रांग रस्त्यापर्यंत येते आणि नंबर लागला की प्रेशर नाहीये म्हणतात, हे मी भावाच्या गाडीत बसून पुरेसं अनुभवलंय. ज्याचं रोज सिन्नर एमआयडीसीला जाणं-येणं आहे आणि मागे माणसं क्वचितच बसतात त्याने डोळे झाकून सीएनजी घ्यावी, फक्त दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (दाब देऊन तपासणी) विसरू नये.

डिझेलचं पण बघितलं. कॅरेन्सच्या डिझेलला २५० एनएम टॉर्क, घाटात काय खेचेल ते सांगायलाच नको. पण हल्लीच्या बीएस ६ डिझेलला डीपीएफ असतो, एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी, ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला बराच वेळ एका वेगात पळावी लागते. माझं रनिंग म्हणजे कॉलेज रोडला दोन किलोमीटर, थांब, मग पुन्हा तीन किलोमीटर. असल्या वापरात ती जाळी भरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग उगाच समृद्धीवर गाडी पळवायला जा. डिझेल हायवेवाल्यांनी घ्यावं.

अप्पांचं मन मात्र वेगळीकडेच होतं. त्यांची सगळी नोकरी अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेली, त्यामुळे त्यांना जुनी मराझो हवी होती, कारण मराझो आपल्या नाशिकची गाडी. २०१८ मध्ये महिंद्राने ती इथेच लाँच केली, इथल्याच प्लँटमध्ये बनायची. आणि गाडी म्हणून अप्पा चूक नव्हते हो. ३०० एनएमचं डिझेल, छतातून सगळ्यांना मिळणारा एसी, तिसरी रांग अर्टिगापेक्षा ऐसपैस, ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटून सुरक्षितता तपासतात ते) ४ स्टार. चांगली गाडी होती, लोकांनी घेतली नाही, सगळे एसयूव्हीच्या मागे लागले आणि शेवटी ती कंपनीच्या वेबसाइटवरूनही गेली. सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळते. पण ऑटोमॅटिक कधी आलीच नाही, तिथे माझा हट्ट आडवा आला, आणि बंद झालेल्या गाडीचं इंजिनचं सामान मिळत राहतं पण उद्या हेडलाइट किंवा दार गेलं तर किती दिवस थांबायचं हा प्रश्न अप्पांनाही पटला. पटला म्हणजे दोन दिवस बोलले नाहीत.

इनोव्हाबद्दल काय लिहू, लग्नात दारात उभी राहिली की लोक यजमानाला वेगळ्या नजरेने बघतात. तिसऱ्या रांगेत मोठा माणूस खरोखर बसू शकतो अशी आमच्या यादीतली ती एकच. क्रिस्टा ४७३५ मिलिमीटर लांब, हायक्रॉस ४७५५, अर्टिगा ४.४ मीटरच्या आसपास. आमच्या पार्किंगला एका बाजूला पिलर आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची बुलेट, टेप घेऊन मोजलं तर इनोव्हा आत गेली असती पण मग दार उघडून आईंना उतरवायचं तर गाडी आधी बाहेर काढायला लागली असती. रुंदीचं हे लोक मोजतच नाहीत. अर्टिगा १७३५, कॅरेन्स १८००, हायक्रॉस १८५०, आणि तुमच्या सोसायटीचा पिलर जिथे आहे तिथेच. रविवार कारंजा, भद्रकाली, सराफ बाजार या बाजूला ज्यांचं घर किंवा दुकान आहे त्यांनी तर आधी रुंदी बघावी आणि मग रंग.

सरकत्या दाराची गाडी हा पिलरवरचा खरा इलाज. आपल्याकडे सरकती दारं दोन टोकांना मिळतात, एका टोकाला मारुतीची ईको आणि दुसऱ्या टोकाला साठ लाखांच्या आसपासची कियाच्या कार्निव्हलसारखी गाडी, जी पाच मीटरपेक्षा लांब आणि जवळपास दोन मीटर रुंद आहे. मधे काही नाही. का नाही, देव जाणे. दहा-पंधरा लाखांत सरकत्या दाराची गाडी कुणी आणली तर नाशिकमधली निम्मी आजी-आजोबा मंडळी दुवा देतील.

आता अर्टिगाची दुखरी बाजू. २०२४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांसाठी १ स्टार, मुलांसाठी २. ती गाडी दोन एअरबॅगवाली होती, २०२५ पासून सगळ्या मॉडेलना ६ एअरबॅग दिल्यात, पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही. यावरून घरात जोरदार वाद झाला, नवरा कॅरेन्सच्या बाजूने होता, पण कॅरेन्सलाही मोठ्यांसाठी ३ च स्टार आहेत आणि आम्हाला हव्या त्या ऑटोमॅटिकला ऑन रोड फरक बराच पडत होता. हायक्रॉसला भारत एनकॅपचे ५ आहेत. सुरक्षितता पहिल्या नंबरवर आणि बजेट आहे, तर हायक्रॉस घ्या, मी काही वाद घालणार नाही. आम्ही तडजोड केली, ती तडजोडच आहे. मागच्यासकट सगळ्यांना बेल्ट, ८० च्या वर गाडी न्यायची नाही आणि आतलं सामान बांधलेलं, एवढे नियम घरात लावलेत. क्रेट मोकळा ठेवून जोरात ब्रेक लागला तर तो थेट मधल्यांच्या मानेवर येतो, त्यामुळे मागे जाळी किंवा दोरी हवीच.

चालवायला गाडी सरळ स्वभावाची आहे. शहरात हलकी, वळते छान. घाटात भरलेली असताना घाई करायची नाही, इंजिन ओरडतं, ओरडू द्यायचं, ६ स्पीडचा गिअरबॉक्स खाली उतरतो आणि निवांत चढते. ओव्हरटेक करायचा तर आधीपासून ठरवून करायचा. भरून जाणार असाल तर हवा जास्त लागते, किती ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि भरलेल्याचा वेगळा. हवावाल्याला सांगा, नाहीतर तो सगळ्यांना एकच आकडा मारतो.

पैशांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, मोठ्यांना ४०. म्हणून ट्रायबर चांगलीच स्वस्त झाली, अर्टिगा ४५ वरून ४० वर आली एवढंच. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांच्या आत ११ टक्के रोड टॅक्स आणि त्यावर २० लाखांपर्यंत १२, शिवाय १० लाख ओलांडले की १ टक्का टीसीएस (खरेदीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर), तो रिटर्न भरताना परत मिळतो पण द्यावा आधी लागतो. म्हणजे साडेनऊ आणि सव्वादहा यात दिसतं त्यापेक्षा अंतर जास्त आहे. कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस आणि अॅक्सेसरी किट गुपचूप घातलेलं असतं, आमच्याही होतं, पेन घेऊन समोरच काट मारली आणि इन्शुरन्स बाहेरून घेणार म्हटल्यावर त्यांचाही रेट अचानक खाली आला.

चौकोनी कुटुंब असेल, वर्षातून दोनदा गावचे पाहुणे येतात म्हणून ७ सीटर घ्यायची इच्छा असेल, तर नका घेऊ. त्या दोन वेळा इनोव्हा टॅक्सी करा. किंवा ट्रायबर घ्या, तिची तिसरी रांग चक्क काढून घरात ठेवता येते आणि मग ६२५ लिटर डिकी मिळते, फक्त १ लिटरच्या ७२ पीएस इंजिनकडून भरल्या गाडीने घाटात फार अपेक्षा ठेवू नका. सिंहस्थासाठी म्हणून मोठी गाडी घेणारेही भेटले मला. २०१५ ला गाड्या बाहेरच्या पार्किंगला लावून बसनेच आत यायला लागलं होतं, तेव्हा पाहुण्यांना रामकुंडापर्यंत सोडायचं स्वप्न घेऊन कर्ज काढू नका.

अॅक्सेसरीत मडफ्लॅप, रबरी मॅट आणि मागच्या खिडकीला पडदा (तिसऱ्या रांगेत दुपारचं ऊन थेट तोंडावर येतं) एवढं पुरे. सीट कव्हर शालिमारला स्वस्तात मिळतात म्हणून पटकन चढवू नका, पुढच्या सीटच्या कडेला साइड एअरबॅग असते, तिथे शिवण मोकळी सुटणारं कव्हरच लागतं, आणि ते दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.